दगडू, दत्तात्रय आणि नाकातलं भोक

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागाआधी एक छोटी परीक्षा. पणजोबांचं नाव आठवा. आलं? आता पणजीचं. आणि पणजीच्या सासूचं? बहुतेकांची गाडी इथं बंद पडते. आज याच बंद पडलेल्या गाडीबद्दल बोलायचंय.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, कागलच्या बाजूला. या सुट्टीत घरी गेले आणि नेमके त्याच दिवशी हेळवी आले. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हा शब्द नवा असेल, म्हणून सांगते. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे आणि त्या म्हणून दाखवणारे लोक. कानडीत ‘हेळु’ म्हणजे सांगणे. बेळगावकडून ते आमच्या भागात येतात, सुगी झाल्यावर. पूर्वी सजवलेल्या बैलावर बसून यायचे, आमच्याकडे आलेले काका मोटारसायकलवर आले. डिकीत वही. आधी धान्य आणि दक्षिणा, मग वंशावळ. म्हणजे आपलं सबस्क्रिप्शनच, फक्त काही पिढ्यांचं!

तर काका एका लयीत म्हणायला लागले. अमक्याचा तमका, तमक्याचा अमका... आणि एका ठिकाणी आले, “त्याचा दगडू.”

आमचे मोठे काका एकदम म्हणाले, “दगडू कोण? आमच्या आज्याचं नाव दत्तात्रय.”

सोप्यात पणजोबांचा फोटो आहे, त्याखाली ठळक अक्षरात ‘कै. दत्तात्रय’ लिहिलंय. हेळवी काकांनी वही पुढे केली. दगडू. मग सगळ्यांनी आजीकडे बघितलं. आजी ऐंशीची. ती फक्त म्हणाली, “त्यो म्हणतोय त्येच खरं हाय.”

आता गंमत बघा. तिनं तेव्हाही ‘दगडू’ हा शब्द उच्चारला नाही. सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ना! तिच्यासाठी ते कायम ‘मामंजी’. साठ वर्षं घरातल्या एकाच माणसाला खरं नाव माहीत होतं, आणि ते घ्यायची तिलाच बंदी.

मग तिनं जे सांगितलं, ते तिला तिच्या आजेसासूनं, म्हणजे माझ्या खापरपणजीनं सांगितलेलं.

1918 साली इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे तिला ‘मानमोडी’ म्हणायचे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मुंबई बंदरातून ती आत शिरली आणि खेड्यापाड्यांत पोचली. देशभरात एक ते दोन कोटी माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यातली तीन आमच्या घरातली. खापरपणजीची तिन्ही लेकरं, दोन मुलगे आणि एक मुलगी, आठ दिवसांत.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी पणजोबा झाले. जन्मल्या जन्मल्या सुईणीनं त्यांना उचललं आणि उकिरड्यावर ठेवलं. मग खापरपणजीनं सूपभर कोंडा देऊन त्यांना सुईणीकडून ‘विकत’ घेतलं. नाक टोचलं. नाव ठेवलं दगडू.

ऐकायला विचित्र वाटतं, पण ही रीत एकट्या आमच्या घराची नाही. मुलं जगत नसली की पुढच्याला मुद्दाम हलकं नाव द्यायचे. दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा, कोंडिबा, भिकाजी. विचार असा, की पोर कुणाला नको आहे, कचऱ्यातलं आहे, असं सटवाईला, मृत्यूला, जे कोण नेतं त्याला वाटावं आणि त्यानं पुढे जावं. नाक टोचलं की तो नथू. म्हणजे ही नावं शिवी नव्हती, चिलखत होतं.

फोटोत पणजोबांच्या नाकावर एक ठिपका आहे. घरात सगळे म्हणायचे, काचेखाली डाग पडलाय. तो डाग नव्हता, भोक होतं!

आणि सगळ्यात भारी गोष्ट. विकत घेतलेलं पोर, म्हणून पणजोबांनी आपल्या आईला जन्मभर ‘मावशी’ म्हटलं. ती गेली तेव्हा ते पन्नाशीचे होते. आजी म्हणाली, “मढ्यापाशी बसून एकदाच ‘आई’ म्हनलं. आता कोन न्हेनार हुतं?”

सोप्यात कुणी बोललं नाही हो, दोन मिनिटं.

मग ‘दत्तात्रय’ कुठून आलं? आजोबा मास्तर झाले, मधल्या नावात ‘दगडू’ लिहायला त्यांना कसंतरी वाटलं, कागदावर बदललं. मोठ्या काकांचं म्हणणं, वहीतही आता तेच लिहा. लग्नाची पोरं आहेत घरात, लोक हसतील. आजी म्हणाली, “त्या नावानं जगलं ते. खोडू नगा.” हेळवी काकांनीच तोडगा काढला. खोडलं नाही, पुढे ‘उर्फ दत्तात्रय’ जोडलं.

वहीत मानमोडीत गेलेल्या दोन्ही मुलांची नावं होती. मुलीचं नव्हतं. आजीलाही माहीत नाही, आजेसासू तिला नुसतं ‘पोरगी’ म्हणायची. आमच्या पानावर माझ्या आत्यांची नावं नव्हती, माझंही नव्हतं.

मुलींच्या नावांचा विषय निघालाच आहे तर सांगते. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये अडीचशेहून जास्त मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावं दिली. त्यांची आधीची नावं ‘नकुशी’, म्हणजे नकोशी. मुलगा जगावा म्हणून त्याला दगड म्हणायचं, आणि मुलगी झाली म्हणून तिला नकोशी म्हणायचं. दोन्ही नावं कानाला वाईटच, पण एकात जीव अडकलाय आणि दुसऱ्यात नकार आहे.

मी पप्पांना म्हटलं, आमचीही नावं घाला. पप्पांनी वेगळी दक्षिणा दिली. हेळवी काकांनी आत्यांची लिहिली, माझं लिहिलं, आणि आजीच्या सांगण्यावरून वर, त्या दोन मुलांशेजारी, ‘एक मुलगी’ एवढंच लिहिलं.

तुमच्याकडे हेळवी येत नसतील. पण त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, तिथं आलेल्या घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली. जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असतं. तहसील कचेरीत कोतवाल बुकं असतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी. पुष्कळ जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत, पण मोडी शिकवणारे वर्ग आज ऑनलाइनही मिळतात.

आणि हे सगळं पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल. आज फक्त एक करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला फोन लावा, रेकॉर्डिंग सुरू करू का म्हणून विचारा, आणि मग हे विचारा: “तुझ्या सासऱ्यांचं नाव काय गं?” ती लाजेल, विषय बदलेल. थांबा. वहीत नसलेलं पुष्कळ काही तिच्याकडे असतं.

काय सापडलं ते मला व्हॉइस नोटनं पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!