आठ नांवें आणि आपली साक्ष

(हुतात्मा दिनाच्या निमित्तानें उरण तालुक्यांतील एका गांवीं भरलेल्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



आज २५ सप्टेंबर. हा दिवस कसला, हें उरण तालुक्यांत कोणाला सांगावें लागत नाहीं. दर वर्षीं या दिवशीं चिरनेरच्या स्मारकापाशीं फुलें वाहिलीं जातात, भाषणें होतात, आणि पोलिस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. ज्या खात्याच्या बंदुकांनीं १९३० सालीं आपलीं माणसें पाडलीं, त्याच खात्याच्या बंदुका आतां त्यांना सलामी देतात. हें चांगलेंच झालें. परंतु सलामीनें हिशेब पुरा होत नाहीं. तो लिहून ठेवावा लागतो, आणि लिहिण्याचें काम आपलें आहे. एवढीच गोष्ट मला आज सांगावयाची आहे.

आपले वाडवडील त्या दिवशीं अक्कादेवीच्या माळावर कशाला गेले, हें आधीं पाहूं. भाताचें रोप करावयाचें तर राब भाजावा लागे. राबाला टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण लागे. लोहाराला कोळसा, सुताराला लांकूड, कुंभाराच्या आव्याला जळण, कोळ्याच्या होडीला फळी, कातकऱ्याला तर सारा संसारच जंगलांतून. १८७८ च्या कायद्यानें सरकारनें जंगलें राखून घेतलीं आणि कालपर्यंत जो हक्क होता तो आज गुन्हा झाला. जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालीं लिहिला, त्यांत जंगल खात्यानें शेतकऱ्याचीं गुरें कशीं उपाशी पाडलीं, हें गाऱ्हाणें आहे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेनें एवढी ओरड केली कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारला जंगलाच्या तक्रारींची चौकशी करण्यास एक मंडळ नेमावें लागलें. मंडळ बसलें, मंडळ उठलें, पण राबाची अडचण राहिली ती राहिलीच. म्हणून १९३० सालीं मिठाचा कायदा मोडण्याची हांक देशभर गेली, तेव्हां आपल्याकडील माणसांनीं कोयता हातीं घेऊन जंगलाचा कायदा मोडला. स्वराज्य हा शब्द त्यांच्यापैकीं किती जणांना लिहितां येत होता, कोण जाणे. पण राब कशानें भाजतात, हें प्रत्येकाला ठाऊक होतें.

त्या माळावर गोळीबार झाला. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर व नवश्या महादेव कातकरी, मोठी जुईचे रामा बामा कोळी, धाकटी जुईचे आनंदा माया पाटील, कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर न्हावी, पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील, खोपट्याचे हसूराम बुधाजी घरत आणि दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे. हीं आठ नांवें नीट ऐका. यांत शेतकरी आहे, कोळी आहे, कातकरी आहे, न्हावी आहे. कोणी जमीनदार नाहीं, कोणी वकील नाहीं. ज्यांना पाल्यावांचून चुलीला व शेताला सुख नव्हतें तेच तेथें गेले, आणि तेच तेथें पडले.

त्याच गर्दींत पनवेलचे मामलेदार जोशी व कांहीं सरकारी नोकरहि मेले. तीं माणसेंहि कोणाच्या तरी घरचीं होतीं; त्यांना आपण विसरूं नये. जोशी यांनीं गोळीबाराला संमति दिली नव्हती, अशी आठवण आपल्या भागांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. पुढें खटला उभा राहिला तो गांवकऱ्यांवर. मेले ते आपले, आणि पिंजऱ्यांत उभे केले तेहि आपलेच! त्या वेळीं आरोपींच्या बाजूनें डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कोर्टांत गोष्ट लागते ती पुराव्याची, हें ध्यानांत ठेवा. मी तेथेंच परत येणार आहें.

आतां एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. राज्य गोऱ्यांचें होतें, कायदा गोऱ्यांचा होता. पण बंदुकीच्या चापावरचीं बोटें आपल्याच लोकांचीं होतीं. मग याला गोऱ्या-काळ्याचा झगडा म्हणावें कीं नाहीं? आपल्या भाषेंत ‘वर्ण’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. एक अर्थ कातडीचा रंग, दुसरा अर्थ जन्माची पायरी. जोतीरावांनीं हे दोन अर्थ एकत्र पाहिले. १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक त्यांनीं अर्पण केलें तें कोणा राजाला नव्हे, तर अमेरिकेंत काळ्या लोकांना दास्यांतून सोडविणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना. पुढें १९४६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं अमेरिकेंतील काळ्या लोकांचे विद्वान् पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहून, ते आपलें गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रांपुढें कसें मांडीत आहेत, याची विचारपूस केली. सातासमुद्रापलीकडचें दुःख आपल्याच घरचें आहे, हें या थोरांनीं ओळखलें होतें. राज्यकर्त्याला कांहीं लोक ‘माणसें’ दिसतात आणि कांहीं लोक नुसता ‘जमाव’ दिसतात. माणसाशीं बोलतात, जमावावर झाडतात. रोग हा आहे, आणि तो नुसत्या कातडीच्या रंगावर थांबत नाहीं.

थांबत असता तर १९८४ सालीं काय झालें असतें? तेव्हां गोरा कोठें होता? सिडको व नवी मुंबई यांसाठीं आपल्या जमिनी गेल्या. योग्य मोबदला मिळावा म्हणून जासईचे दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं लोक रस्त्यावर आले. १६ व १७ जानेवारीला गोळीबार झाला. चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत, धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर, आणि पागोट्याचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील व कमळाकर कृष्णा तांडेल असे पांच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचें जें धोरण पुढें सरकारला मान्य करावें लागलें, तें या रक्तांतून आलें. आज ज्यांच्या घराला त्या भूखंडाचा आधार आहे, त्यांनीं तरी ‘मोर्चानें काय होतें?’ असें म्हणूं नये.

परंतु आपल्या पोरांकडून मी हेंच ऐकतों. “मास्तर, मोर्चाला जाणारा मरतो आणि घरीं बसणारा भूखंड घेतो.” पोरें खोटें बोलत नाहींत. ज्याच्या घरचा कर्ता माणूस गेला, त्याला जमिनीच्या तुकड्यानें भरपाई होत नाहीं. म्हणून मी कोणाला गोळीपुढें छाती काढ असें सांगणार नाहीं. मी सांगतों तें दुसरें काम आहे. तें म्हाताऱ्या माणसाला करतां येतें, घरांतल्या बाईला करतां येतें, शाळेंतल्या पोराला करतां येतें. तें काम साक्षीचें.

सरकारी कागद व लोकांची साक्ष यांत केवढें अंतर असतें, तें तीन ठिकाणचें पाहा.

दक्षिण आफ्रिकेंत काळ्या माणसाला आपल्याच देशांत फिरण्यास परवाना बाळगावा लागे. २१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल गांवीं लोक परवाने घरीं ठेवून पोलिस ठाण्यापुढें जमले आणि म्हणाले, आम्हांस पकडा. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. सरकारी मोजणीप्रमाणें ६९ माणसें मेलीं. जमाव अंगावर आला, असें पोलिसांचें म्हणणें. पण जखमा पाहिल्या तेव्हां पुष्कळांना गोळ्या पाठींत लागलेल्या निघाल्या. अंगावर येणारा पाठ दाखवीत येतो काय?

अमेरिकेंत मिनियापोलिस शहरीं २५ मे २०२० रोजीं जॉर्ज फ्लॉइड नांवाच्या काळ्या माणसाच्या मानेवर एका गोऱ्या शिपायानें नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून धरला. वीस डॉलरची एक नोट खोटी असल्याचा संशय, एवढेंच कारण. पोलिसांच्या पहिल्या पत्रकांत लिहिलें होतें कीं, इसम प्रकृतीच्या तक्रारीनें मेला. रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीनें हा प्रकार आपल्या फोनवर टिपला होता. तिच्या हातीं दगड नव्हता, काठी नव्हती. ती नुसती हलली नाहीं. तिनें टिपलेलें चित्र जगानें पाहिलें, लक्षावधि माणसें रस्त्यावर आलीं, आणि २०२१ सालीं त्या शिपायाला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

तिसरें ठिकाण आपल्या मुंबईंतलें, घाटकोपरचें रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७ रोजीं बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली पाहून लोक रस्त्यावर आले, आणि राखीव पोलिस दलाच्या गोळ्यांनीं दहा जण मेले. जमाव टँकर पेटविणार होता, म्हणून गोळी झाडली, असें पोलिसांनीं सांगितलें. चौकशी आयोगापुढें तें टिकलें नाहीं. २००९ सालीं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानें जन्मठेप सुनावली. बारा वर्षें वस्तीतल्या गरीब माणसांनीं कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या आणि आपलें म्हणणें सोडलें नाहीं, म्हणून एवढें झालें.

तेव्हां बंधु-भगिनींनो, चळवळींत भाग घेणें म्हणजे केवळ पुढें चालणें नव्हे. पुढें चालणाऱ्याच्या मागें चार कामें असतात. मोर्चाला कोण कोण गेलें, त्यांचीं नांवें गांवांत लिहून ठेवावीं. कोणी जखमी झाला तर त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत नेऊन डॉक्टरचा कागद घ्यावा. जें डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच, तारीख व वेळ घालून, लिहून सही किंवा अंगठा करावा. ऐकीव गोष्ट त्यांत घालूं नये. आणि कोणाला पकडलें तर सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं डी. के. बसू खटल्यांत काय सांगितलें, तें आठवावें: पकडणाऱ्याचें नांव दिसलें पाहिजे, अटकेचा कागद झाला पाहिजे, त्यावर घरच्या किंवा गांवच्या माणसाची सही पाहिजे, आणि नातेवाइकाला खबर दिली पाहिजे. हे आपले हक्क आहेत. मागण्यांत उद्धटपणा नाहीं.

आणखी एक. आपल्या बाजूनें एक दगड गेला कीं आपली शंभर जणांची साक्ष वायां जाते. जो दगड उचलतो त्याचा हात शेजारच्यानें धरावा. पोलिसांत आपलींच पोरें आहेत. खाकी घातली म्हणून त्यांचें आडनांव बदलत नाहीं. बाई, तुझा मुलगा शिपाई असेल तर त्याला एवढें सांग: तुझ्यापुढें उभा आहे तो जमाव नव्हे, तो कोणाचा तरी राब भाजणारा बाप आहे.

शेवटीं या गांवापुढें मी एक मागणें ठेवतों. अक्कादेवीचा माळ डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आतां आपल्यांत नाहींत. त्यांनीं पाहिलें तें पुष्कळसें त्यांच्याबरोबरच गेलें. पण जासईला व नवघरला उभे असलेले स्त्री-पुरुष अजून या सभेंत बसले आहेत. त्यांचे केस पांढरे झाले आहेत. येत्या जानेवारीच्या आंत त्यांतील प्रत्येकाचें तोंडचें सांगणें लिहून घेऊं. शाळेंतली वरच्या वर्गाचीं मुलें लिहितील, मी तपासीन, आणि वही ग्रामपंचायतींत राहील. ज्यांना उद्यांपासून सांगावयाचें आहे त्यांनीं आज सभा उठतांना आपलीं नांवें माझ्याजवळ द्यावीं.