नकलेचा धर्म
(रेडिओवरील भाषण)

पेशव्यांनी गुरुस्थानी मानलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात बांधविलेला काशीचा दुर्गाघाट, जेथे आजही एखाद्या वाड्याच्या चौकातून मराठी बोल कानी येतात, तेथला मी रहिवासी. आणि इथरनेटच्या जाळ्यातील स्विचवरून होणारी वाहतूक दुरून कशी न्याहाळावी, हा माझा आजचा विषय. दूरच्या दरबारी बसलेला अखबारनवीस तेथील तपशील पुण्याला लिहून धाडी. दरबार आपल्या रीतीने चालू राही, आणि नाना फडणिसांच्या दफ्तरी त्याची हकीकत दाखल होई. आपले कामही त्याच जातीचे आहे.

पूर्वीचा हब एका दारी आलेला संदेश बाकीच्या सर्व दारी वाटून टाकी. स्विच मात्र कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर, म्हणजे दारावर, आहे हे ध्यानात ठेवून ज्याचे त्यालाच देतो. हा त्याचा मोठा गुण. परंतु याच गुणामुळे, जाळे मंदावले असता कारण शोधू पाहणाऱ्या रखवालदारालाही काही दिसत नाही. म्हणून स्विचला नक्कल काढण्याचा हुकूम द्यावा लागतो.

आमच्या वाचनालयाचा स्विच घाटाकडील वाड्याच्या कोनाड्यात आहे. तपासणीचा संगणक मात्र, पावसाळ्यात गंगा पायऱ्या चढून येते म्हणून, गल्लीकडील घराच्या माडीवर, तेथल्या दुसऱ्या स्विचला जोडलेला. नकलेसाठी आम्ही ९०० क्रमांकाचे व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेतील एक वेगळी वाट, राखून ठेविली आणि दोन्ही स्विचांवर ती नोंदविली. कोणत्या पोर्टची, आणि येणाऱ्या की जाणाऱ्या वाहतुकीची नक्कल हवी, ते खालच्या स्विचला सांगितले. ती कोणत्या पोर्टवर उतरवावी, ते वरच्याला. या वाटेवर दुसरे यंत्र जोडू नये, आणि ज्या पोर्टवरून आपण स्विचशी बोलतो तोच नकलेस देऊ नये. दिला तर आपलाच संपर्क तुटतो. मध्ये राउटर असेल, तर नक्कल आयपीच्या लखोट्यात घालून धाडावी लागते.

हिशेबही पाहावा. एक गिगाबिटचा पोर्ट एकाच वेळी तितके घेतो आणि तितकेच देतो. दोन्हींची पूर्ण नक्कल दोन गिगाबिट भरते, ती एका गिगाबिटच्या वाटेत मावत नाही, आणि जे गळते त्यात मूळ संदेशही सापडू शकतात. नकलेने अस्सलाची वाट अडवू नये, हा तिचा पहिला धर्म.

दुसरा धर्म मर्यादेचा. मजकूर सांकेतिक असला तरी कोण कोणाशी केव्हा बोलले हे नकलेत उमटतेच. यास्तव आम्ही विश्वस्तांची लेखी परवानगी घेतली, वाचकांसाठी सूचना लाविली, आणि एकाच पोर्टची, केवळ जाणाऱ्या वाहतुकीची, दोन तासांची नक्कल घेतली. एक संगणक ऐन वाचनाच्या वेळी आपला सारा संग्रह बाहेर धाडीत होता. ते काम रात्रीवर टाकले. त्याच संध्याकाळी नक्कल पुसली, ९०० ची वाट बंद केली, आणि कोनाड्यातील स्विच पूर्ववत ज्याचे त्यालाच देऊ लागला.