पाण्यातल्या अभिक्रियेला पाण्याचा हिशेब हवा



बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या आई तुळजाभवानीच्या नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. याच तालुक्यात नळदुर्गला बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभा राहिला. तरी आजही उन्हाळ्यात आमच्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा भूमीत पाण्यातील निवडक हायड्रोजनीकरणावर चर्चा होत आहे, याचे मोल आम्ही जाणतो.

घरोघरी असणाऱ्या पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या. ते पॅरा-अमिनोफेनॉलपासून बनते. जुन्या पद्धतीत लोखंडाचा चुरा आणि आम्ल वापरत. मागे गाळाचे ढीग उरत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. व्ही. रोडे, आर. व्ही. चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दुसऱ्या वाटेवरचे काम प्रसिद्ध केले: सल्फ्युरिक आम्लाच्या सौम्य द्रावणात, प्लॅटिनम या उत्प्रेरकावर नायट्रोबेंझीनचे हायड्रोजनीकरण. अभिक्रिया मध्यावर थांबली, तर मधला पदार्थ पाण्याशी जुळून हवे ते पॅरा-अमिनोफेनॉल देतो. पुढे गेली, तर ॲनिलीन हाती येते. पाणी इथे नुसते द्रावक नाही. औषधाच्या रेणूतला एक ऑक्सिजन तेच पुरवते.

असे नेमके थांबणे साधावे, म्हणून उत्प्रेरकात द्विधातू नॅनोकण वापरतात. पॅलेडियम किंवा प्लॅटिनमला सोने, निकेल वा कथिलाची जोड दिली की पृष्ठभागावरच्या अणूंची मांडणी बदलते, इलेक्ट्रॉनांची स्थितीही बदलते. रेणू कोणत्या बाजूने चिकटेल आणि कधी सुटेल, हे त्यावर ठरते.

अडचणीही आहेत. २५ अंश सेल्सिअसला, वातावरणीय दाबाखाली लिटरभर पाण्यात जेमतेम दीड मिलिग्रॅम हायड्रोजन विरघळतो. नॅनोकण एकमेकांना चिकटून निकामी होतात. धातूचा अंश पाण्यात उतरतो.

पाण्यात केली, एवढ्यानेच कोणतीही अभिक्रिया हरित ठरत नाही. म्हणून यजमान या नात्याने एक आग्रह धरतो. उत्पादनाच्या टक्केवारीशेजारी तीन गोष्टी जरूर सांगा: उत्प्रेरक किती वेळा वापरता आला, पाण्यात किती धातू उरला आणि ते पाणी पुन्हा वापरता आले का. इथल्या विद्यार्थ्यांनीही हेच प्रश्न निःसंकोच विचारावेत.

आपल्या चर्चेतून पाणी राखणारे रसायनशास्त्र घडो, ही सदिच्छा व्यक्त करतो आणि पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करतो.