टॅलिनमधला मान झुकवलेला सैनिक

एस्टोनियाची राजधानी टॅलिन. शहराच्या ऐन मध्यावर ब्राँझचा एक सैनिक साठ वर्षं उभा होता. अंगावर सोव्हिएत लाल सेनेचा गणवेश, शिरस्त्राण काढून हातात घेतलेलं, मान खाली. सोबत्याला मूठमाती देऊन क्षणभर थबकलेला माणूस वाटावा, असा. घडवला एन रोस या एस्टोनियन शिल्पकारानं. 1947 साली अनावरण झालं आणि नाव दिलं गेलं ‘टॅलिनच्या मुक्तिदात्यांचं स्मारक’.

ठिणगी होती ती ‘मुक्तिदाते’ या शब्दात. 22 सप्टेंबर 1944 रोजी लाल सेना शहरात शिरली, तोवर बहुतेक जर्मन निघून गेले होते आणि किल्ल्याच्या बुरुजावर एस्टोनियाचा निळा-काळा-पांढरा झेंडा लागला होता. तो उतरला, लाल झेंडा चढला. पुढं 1949 च्या मार्चमध्ये वीस हजारांहून अधिक माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडं धाडली गेली. त्यांच्या घरच्यांनी त्या सैनिकाला मुक्तिदाता कसं म्हणावं?

याच जागी आधी लाकडी स्मारक होतं. मे 1946 मध्ये शाळेत जाणाऱ्या दोन मुलींनी, आइली युर्गेन्सन आणि अगेडा पावेल यांनी, ते स्फोटानं उडवलं. दोघींची रवानगी श्रमछावणीत झाली.

पण शहरातल्या रशियन घरांना हाच पुतळा ‘अल्योशा’. कुणाचा आजोबा, कुणाचा काका युद्धातून परतलाच नाही. दर 9 मेला, विजयदिनी, ही माणसं लाल कार्नेशनची फुलं घेऊन यायची. तीही खोटी नव्हती.

एप्रिल 2007 मध्ये सरकारनं पुतळा दफनभूमीत हलवायचं ठरवलं. 26 तारखेच्या रात्री दंगल पेटली. दुकानं फुटली, एका तरुणाचा जीव गेला, शेकडो लोकांची धरपकड झाली. पाठोपाठ बँका, वृत्तपत्रं आणि सरकारी खात्यांच्या संकेतस्थळांवर सायबर हल्ले सुरू झाले. जागेच्या उत्खननात बारा जणांचे अवशेष मिळाले. म्हणजे पुतळ्यापाशी खरोखरच माणसं पुरलेली होती.

मान झुकवलेल्या सैनिकाला दफनभूमीच शोभते, हे खरं. पण पोलिसांच्या कड्यात, रातोरात त्याला उचलणं ही एस्टोनियाची चूकच. शेजाऱ्याच्या दुःखाला एवढी घाई दाखवायची नसते.

आता तो शहराच्या लष्करी दफनभूमीत आहे. मागची दगडी भिंतही तिथं पुन्हा उभारली आहे. पुतळ्याच्या जुन्या जागी झाडं लावली आहेत. 9 मे उजाडला, की फुलं घेऊन आलेली माणसं आता दफनभूमीची वाट धरतात.