लघुप्रतिकृतींतील हिमवर्षाव

ज्या गांवीं कधीं बर्फ पडत नाहीं त्या गांवच्या माणसानें बर्फाविषयीं बोलावें, हें थोडें धार्ष्ट्याचेंच आहे. मी रोह्याचा. आमच्याकडे आकाशांतून पडतो तो पाऊस, आणि तोहि वर्षाला शंभर इंचांहून अधिक. थंडी म्हणावी तर पौषांत पहाटे कुंडलिकेच्या पात्रावर धुकें उतरतें आणि एखादी शाल अंगावर घ्यावी लागते, तेवढीच. असें असूनहि गेलीं कित्येक वर्षें माझ्या घराच्या माळ्यावर, चौरंगाएवढ्या एका फळीवर, मी बर्फ पाडीत आहें. युद्धप्रसंगांच्या लहान प्रतिकृती तयार करण्याचा मला छंद आहे. एखादा रणगाडा, चारदोन सैनिक, डोंगराचा एक कडा, असा तो देखावा असतो. त्यावर बर्फ कसा घालावा, आणि तो घालतांना मीं कोणत्या चुका केल्या, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

हा छंद विलायती आहे असा पुष्कळांचा समज असतो. परंतु दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला न केलेला मुलगा आपल्या महाराष्ट्रांत विरळाच. रोह्याच्या मुलांना तर नमुन्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. गांवाजवळच अवचितगड उभा आहे. दगडविटांचा ढीग रचावा, त्यावर चिखल लिंपावा, मोहरी-अळीव पेरून हिरवळ आणावी, माथ्यावर शिवाजीमहाराजांना बसवावें आणि पायऱ्यांवर मावळे उभे करावे, ही लष्करी लघुप्रतिकृतीच नव्हे काय? आणि बर्फ म्हणाल, तर तोहि कोंकणांत दरवर्षीं भाद्रपदांत पडतो. गणपतीचें माहेरघर कैलासावर. तेव्हां मखरामागें हिमालय उभा करणें आलेंच, आणि तो हिमालय असतो कापसाचा.

लहानपणीं हा कापसाचा हिमालय मला फार आवडे. पण तोच कापूस रणगाड्याभोंवतीं पसरला, तेव्हां तो रणगाडा बर्फांत रुतल्यासारखा न दिसतां पिंजाऱ्याच्या दुकानांत शिरल्यासारखा दिसूं लागला. याचें कारण प्रमाणांत आहे. माझ्या प्रतिकृती खऱ्या वस्तूच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या असतात. साडेपांच फूट उंचीचा सैनिक येथें दोन इंचांहून थोडा कमी भरतो. गुडघाभर, म्हणजे दीड फूट, बर्फ अर्ध्या इंचाचा होतो. आतां याच हिशेबानें कापसाचा एक इंचाचा तंतु पस्तीस पटींनीं वाढवून पाहा. तें तीन फूट लांबीचें सूत होतें. रांगोळीचा अर्ध्या मिलिमीटरचा कण करवंदाएवढा होतो. खऱ्या बर्फाचा कण मुळांतच लहान. तो पस्तिसाव्या हिश्शानें लहान केल्यावर एकेकटा दिसतांच कामा नये. म्हणून नकली बर्फाची भुकटी मैद्यासारखी वस्त्रगाळ हवी, आणि चमकणारा जरीचा चुरा तर त्यांत मुळींच नको.

माझी पुतणी या कामांत माझी मदतनीस आहे. तिनें एकदां विचारलें, "काका, पाणी पारदर्शक, बर्फाचा खडाहि कांचेसारखा, मग पडलेला बर्फ पांढरा कसा?" उत्तर देण्यासाठीं मीं तिला पेणच्या बाजूच्या मिठागरांकडे नेलें. मिठाचा एक मोठा खडा उन्हांत धरला तर त्यांतून उजेड आरपार येतो. पण तेंच मीठ राशीनें रचलें कीं पांढरें शुभ्र दिसतें. असंख्य कणांच्या असंख्य बाजूंवर उजेड आपटून सर्व दिशांना विखुरतो, आणि सर्व रंग सारखेच परत आल्यामुळें आपल्या डोळ्यांना पांढरें दिसतें. बर्फाचें असेंच आहे. मात्र जाड थरांत खोल गेलेल्या उजेडांतील तांबडा भाग बर्फ अधिक शोषून घेतो, म्हणून खोल भेगांमध्यें निळसर झांक येते. आणि निरभ्र दिवशीं सांवलींतल्या बर्फावर निळ्या आकाशाचाच उजेड पडत असतो. त्या मिठाच्या राशींनीं आम्हांला आणखी एक धडा दिला. रास माथ्यावर पांढरी होती, परंतु पायथ्याशीं मातकट होती, आणि जेथें मजुरांची ये-जा होती तेथें करडी झाली होती. पांढरा रंग फांसला कीं बर्फ झाला, ही माझी समजूत त्या दिवशीं गेली.

पण समजूत गेली म्हणजे शहाणपण आलें असें नव्हे. मीठ इतकें बर्फासारखें दिसतें, तर मीठच कां वापरूं नये, असें मनांत येऊन श्रावणांत मीं एक देखावा मिठानें सजविला. कोंकणांतल्या श्रावणांत मिठाच्या बरणीचें काय होतें हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. मला तें ठाऊक नव्हतें. गौरी जेवावयाच्या आधींच माझा हिमालय पाझरूं लागला, आणि सैनिकांच्या पायांतील तारा गंजून त्यांच्या बुटांखालीं तांबडे डाग पडले. पुढच्या वर्षीं खाण्याचा सोडा गोंदांत कालवून लावला. पुष्कळ छांदिष्ट हा उपाय सांगतात, आणि पहिल्या दिवशीं तो दिसतोहि उत्तम. पण वर्षभरांत माझा बर्फ पिवळट पडला आणि खालच्या रंगावर बुरशीसारखे चट्टे उमटले. पोकळ कांचेच्या अतिसूक्ष्म गोळ्यांची भुकटीहि कांहीं कारागीर वापरतात. ती दिसते सुंदर, पण श्वासाबरोबर फुफ्फुसांत गेल्यास घातक. नाकातोंडावर मुखपट्टी बांधल्यावांचून तिचा डबा उघडूं नये. शेवटीं मला मानवली ती संगमरवराची वस्त्रगाळ पूड. ती हवेंतील पाणी ओढून घेत नाहीं आणि पिवळी पडत नाहीं. मुखपट्टी मात्र तिलाहि हवीच.

साहित्याचा प्रश्न सुटला. आतां प्रसंग कोणता निवडावा हा प्रश्न आला. आमच्या शेजारच्या माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत होते. दुसऱ्या महायुद्धांत इटलीमध्यें त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडींतील सर्व सोबती ठार किंवा जखमी झाले. तेव्हां घाडगे एकटे त्या मशीनगनवर धांवून गेले. हातबाँब टाकून त्यांनीं ती बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यानें उरलेल्या शत्रूंस लोळविलें, आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं त्यांस वीरमरण आलें. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगांवास आहे. हाच प्रसंग करावयाचा आणि डोंगरावर भरपूर बर्फ घालावयाचा, असें मीं ठरविलें. कारण इटलींतल्या डोंगरांत बर्फांतून चालणाऱ्या सैनिकांचीं छायाचित्रें मीं पाहिलीं होतीं. फळी तयार झाली, कडा रचून झाला, आणि मग तारीख पाहिली. तो दिवस होता 10 जुलै 1944. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांतला ऐन उन्हाळा! देखावा सुंदर दिसावा म्हणून मी त्या वीराच्या मृत्यूचा ऋतूच बदलूं निघालों होतों. मला स्वतःची लाज वाटली. तो देखावा मीं पुढें केला, परंतु वाळलेल्या गवताचा आणि धुळीचा.

बर्फासाठीं मग मीं जोजीला घेतला. 1948 सालीं ही खिंड शत्रूच्या हातीं होती आणि लडाखचा रस्ता त्यामुळें बंद पडला होता. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेअकरा हजार फूट उंचीच्या या खिंडींत पायदळाचे सप्टेंबरांतले हल्ले यशस्वी झाले नाहींत. तेव्हां जनरल थिमय्या यांनीं रणगाडे वर नेण्याचें ठरविलें. 7 लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूहून निघाले. पूल कमकुवत होते आणि गुप्तता राखावयाची होती, म्हणून त्यांच्या तोफांचे बुरूज उतरवून वेगळे नेले. मद्रास सॅपर्सनीं बालतलपासून वर जाणारी खेचरांची वाट रुंद केली. बर्फवृष्टीनें मध्यें खोळंबा केला. अखेर 1 नोव्हेंबर 1948 रोजीं रणगाडे खिंडींत शिरले. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील अशी कल्पनाच नसलेला शत्रु गडबडून गेला आणि खिंड मोकळी झाली. त्याच महिन्यांत द्रास व कारगिल आपल्या हातीं आलें.

हा देखावा मीं तीन महिने खपून केला. पांढरा, गुबगुबीत, निष्कलंक बर्फ सगळीकडे सारखा पसरला. पाहणाऱ्यांनीं वाहवा केली. आमच्या तालुक्यांत मराठा पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांनीं सियाचीनवर चौकी सांभाळलेली. त्यांना मुद्दाम बोलाविलें. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, बर्फ छान पडला आहे. पण हीं माणसें आतांच आकाशांतून उतरलीं काय?"

मी गोंधळलों. तेव्हां त्यांनीं करंगळीनें एकेक जागा दाखविली. "याचे पाय रुतलेले नाहींत. येथें वाट मळलेली नाहीं. रणगाडा चढून आला म्हणतां, मग त्याच्या इंजिनावर बर्फ कसा टिकला? आणि वारा कोणीकडून आहे? मास्तर, आम्ही बर्फ पाहत नसूं, उपसत असूं. हिमवर्षाव सुरू झाला कीं रात्रभर पाळीपाळीनें फावडें मारावयाचें, नाहीं तर सकाळीं तंबू गाडला जावयाचा." सुभेदारांच्या डाव्या पायाचीं दोन बोटें तेथेंच राहिलीं आहेत, हें मला त्या दिवशीं कळलें.

ते गेल्यावर मीं सगळा बर्फ खरवडून काढला. त्यानंतर मी जी रीत पाळतों ती थोडक्यांत सांगतों. बर्फाला हात लावण्यापूर्वीं तीन गोष्टी ठरवाव्या: तो केव्हां पडला, वारा कोणत्या बाजूचा होता, आणि पडल्यानंतर तेथें काय काय झालें. प्रथम बर्फाखालची जमीन पूर्ण रंगवून घ्यावी, कारण ती कोठेंना कोठें डोकावणारच. जेथें वाऱ्यानें ढीग साचावयाचे तेथें कागदाच्या लगद्याचे उंचवटे आधींच करावे; नुसती पूड जाड थापली तर वाळतांना तडकते. मग संगमरवराची पूड, चमक नसलेलें ॲक्रिलिक रोगण, थोडा पांढरा रंग आणि निळ्याचा अगदीं सुईच्या टोंकाएवढा अंश एकत्र कालवून श्रीखंडाच्या चक्क्याइतकें घट्ट करावें. हें मिश्रण वाऱ्याच्या दिशेनें कुंचल्यानें ओढावें. दगडाच्या एका बाजूस तें साचूं द्यावें, दुसरी बाजू उघडी राहूं द्यावी.

मिश्रण ओलें असतांनाच पुढचें काम उरकावें लागतें. सैनिकांचे पाय त्यांत दाबून बसवावे, पावलें उमटवावीं, रणगाड्याच्या पट्ट्यांची खूण ओढून घ्यावी. रहदारीच्या वाटेवर बर्फांत माती मिसळून ती दाबावी, म्हणजे करडा चिखल दिसतो. रणगाड्याच्या मागील भागीं इंजिनाची ऊब असते. तेथें बर्फ न घालतां ओलसर काळपटपणा आणावा. बुरुजाच्या माथ्यावर मात्र तो राहूं द्यावा. अगदीं शेवटीं चहाच्या गाळणींतून कोरडी पूड वरून हलकेच चाळावी. नुकत्याच पडलेल्या बर्फाचा मऊपणा तिनें येतो. यासाठीं स्वतंत्र गाळणी आणावी, असें अनुभवानें सांगतों. घरांतल्या गाळणीला हात लावल्यास हिमवर्षाव स्वयंपाकघरांत सुरू होतो. सारें काम एक दिवस झांकून वाळूं द्यावें. आणि कोंकणांत राहणाऱ्यांनीं हें काम कार्तिक-मार्गशीर्षांत करावें. पावसाळ्यांत कोणतेंहि रोगण लवकर वाळत नाहीं.

असा जोजीला पुन्हां तयार झाला. आतां त्यांत शुभ्र जागा फारच थोडी उरली होती. पुष्कळसा भाग तुडवलेला, उपसलेला, मळलेला होता. पाहुण्यांपैकीं कित्येकांना पहिलाच देखावा अधिक आवडला होता, हें मीं लपवीत नाहीं. सुभेदारसाहेब मात्र परत आले, वांकून पाहूं लागले आणि कांहीं बोलले नाहींत. जातांना त्यांनीं कड्याच्या उघड्या बाजूस उभ्या केलेल्या एका पहारेकऱ्याकडे बोट दाखविलें आणि एवढेंच म्हणाले, "याला जरा आडोशाला घ्या."

मीं त्याला उचलून दगडाच्या आड उभें केलें. त्याच्या पहिल्या जागीं दोन पावलांचे खड्डे राहिले. ते मीं बुजविले नाहींत. येत्या दिवाळींत आपल्या मुलांनीं किल्ल्यावर बर्फ घालावयाचें मनांत आणलें, तर साहित्य जमविण्याआधीं त्यांना एखाद्या जुन्या सैनिकाकडे अवश्य घेऊन जावें.