झाड थंडी मोजते



बक्षीस समारंभात फळझाडांवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. पण हा विषय आपल्या घरातल्या एका काळजीच्या फार जवळचा आहे. ती कोणती, ते शेवटी सांगतो.

आपला आंबा बारा महिने हिरवा असतो. काश्मीर-हिमाचलातील सफरचंद, नासपती, जर्दाळू, पीच ही झाडे मात्र हिवाळ्यापूर्वी पाने टाकतात आणि काटक्यांसारखी उभी राहतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड मेले. वास्तविक पुढच्या वसंतातील फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन खवल्यांच्या आत मिटून बसलेल्या असतात.

या झोपेच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर कळीला आतून कुलूप असते. झाड उबदार खोलीत ठेवले तरी ते उघडत नाही. ते उघडायला थंडीच लागते, साधारणपणे शून्याच्या वर आणि सात अंशांच्या आसपास किंवा खाली. झाड हे थंडीचे तास जणू जमा करीत जाते. सफरचंदाच्या काही जातींना हजाराच्या आसपास तास लागतात, काहींना तीनशेही पुरतात. हिशेब पुरा झाला की दुसरी पायरी येते. आता कळी फक्त उबेची वाट पाहते.

हा हिशेब कोण ठेवतो? जनुके, म्हणजे आईबापांकडून आलेल्या गुणांच्या चिठ्ठ्या. मेक्सिकोत पीचचे एक वेगळे झाड सापडले. दिवस लहान झाले तरी त्याचे शेंडे वाढतच राहत आणि कडक थंडीत करपून जात. 2008 साली अमेरिकेतील संशोधकांनी त्याचे कारण प्रसिद्ध केले. एका ओळीत बसलेल्या सहा जनुकांच्या पट्ट्यातील मोठा भाग त्या झाडात गळालेला होता. साध्या पीचमध्ये यांतील काही जनुकांचे काम हिवाळ्याच्या तोंडावर वाढते आणि थंडी साठत जाईल तसे मंदावते. तेव्हा कुठे कुलूप निघते.

थंडी सोसण्याची ताकद हे आणखी एक खाते. गारवा लागताच दुसरी काही जनुके जागी होतात. पेशींत साखर वाढते, पाणी पेशीबाहेर सरकते आणि बर्फ बाहेरच्या बाहेर धरतो. ही दोन्ही खाती एकमेकांत गुंतलेली आहेत. पीचचे असे एक जनुक सफरचंदाच्या झाडात घातल्याचा प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. त्या झाडाची सोसण्याची शक्ती वाढली, शिवाय दिवस लहान होताच ते झोपूही लागले. सफरचंद एरवी तसे करीत नाही.

जाग येताच मात्र ही ताकद ओसरते. भर हिवाळ्यात शून्याखाली वीस अंश सोसणारी सफरचंदाची कळी फुलल्यावर शून्याखाली चार अंशांतही मरते. मार्च 2021 च्या अखेरीस फ्रान्समध्ये अवेळी ऊब पडली, झाडे व द्राक्षवेली फुटल्या आणि एप्रिलच्या हिमकडाक्याने फळबागा व द्राक्षमळ्यांचे अतोनात नुकसान झाले.

उलट थंडी अपुरी पडली तर फूल विरळ आणि मागेपुढे येते. हिवाळे उबदार होत चालल्याने कुलू खोऱ्यातील सफरचंद अधिक उंचावर सरकत आहे. वाडवडिलांची खालची बाग उठवणे म्हणजे घराची रोजी उठवणे. आपल्या नाशिकला द्राक्षवेलीला पुरेशी थंडी मिळत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करून त्यांना जागे करावे लागते.

दुसरी वाट नव्या जातीची. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात, अवघ्या अठराशे फूट उंचीवर, हरिमन शर्मा यांच्या घरी खाऊन टाकलेल्या सफरचंदाच्या बीतून एक रोप उगवले. इथे सफरचंद होत नाही, असे सारे म्हणत. त्यांनी रोप उपटले नाही. 2001 साली त्याला फळ धरले. तीच आजची ‘एचआरएमएन-99’ जात. 2025 साली शर्मांना पद्मश्री मिळाली.

पालकहो, आता ती काळजी. एका परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला दुकानावर बसवायचे, मुलीची शाळा सोडवायची, हा निर्णय आपण किती झटपट घेतो! काटकी दिसते म्हणून झाड तोडू नका. शेजाऱ्याच्या मुलाचे तास आपल्या मुलाला लावू नका. आणि विद्यार्थ्यांनो, या दाखल्याला एक मर्यादा आहे, तीही ऐका. झाडाला स्वतःचा हिशेब बदलता येत नाही. माणसाला तालीम आणि मेहनत यांनी बदलता येतो. झोपेचे निमित्त सांगून अभ्यास टाळू नका.

सृष्टीकडे डोळे उघडून पाहा, विचार करा, अशी कुराण शरीफची वारंवार ताकीद आहे. बदलत्या हिवाळ्यात तग धरणारे झाड अजून पुष्कळ ठिकाणी हवे आहे. ते शोधणारे हात या शाळेतून निघोत, ही दुवा करतो.

खुदा हाफिज.