रात्री किल्ली कोणाकडे असते?

तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्यात गुण येतो, या श्रद्धेनं लांबलांबचे लोक आपल्या मनोरुग्ण नातलगांना घेऊन येत आणि जवळच्या खाजगी निवासांत ठेवून परत जात. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका निवासाच्या शाकारलेल्या शेडला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी जखडलेली होती. २८ जण गेले.

या घटनेची सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पुढे २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. या कायद्यानं साखळीनं बांधायला पूर्ण बंदी केली. मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला, सरकारी असो वा खाजगी, नोंदणी सक्तीची झाली. कर्मचारी कमी आहेत म्हणून किंवा शिक्षा म्हणून कुणाला इतर कशानंही बांधून ठेवता येत नाही.

कायद्यानं बारीकसारीक गोष्टींकडेही पाहिलं आहे. सक्तीनं मुंडण करायचं नाही. ज्याला स्वतःचे कपडे घालायचे असतील, त्याला ते घालू द्यायचे. बायकांना पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत. काम करून घेतलं तर मोबदला दिला पाहिजे. आजारी माणसाची अब्रू अशाच गोष्टींत असते.

घरी वर्षानुवर्षं सांभाळून थकलेली आई किंवा भाऊ शेवटी एखाद्या केंद्राचा पत्ता शोधतात. त्यांना मी दोष देणार नाही. एवढंच सांगेन, की ऑफिसातल्या खुर्चीवरून परत फिरू नका. नोंदणीचं प्रमाणपत्र पाहा. झोपायची खोली, संडास, स्वयंपाकघर पाहा. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, ते विचारा. याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन भिंतीवर लावलेला असायलाच हवा, आणि मंडळाकडे दाद मागायला रुग्णाला फुकट फोन करू दिला पाहिजे.

आणि हे प्रश्न विसरू नका. रात्री दाराची किल्ली कोणाकडे असते? तो माणूस जागा असतो का? आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट कोणती? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर आपलं माणूस तिथे ठेवू नका.

ठेवलंत, तर भेटायला जात राहा. ज्याला भेटायला कोणी येतं, त्याची आबाळ करताना तिथले लोकही विचार करतात. गेल्यावर घटकाभर त्याच्याजवळ एकटे बसा. तो काही तक्रार सांगेल. भ्रमात बोलतोय म्हणून ती सोडून देऊ नका. आधी खरी मानून तपासा.